आमचा लेवलचा खेळ



मला सर्व खेळांत लेवलचा खेळ फार आवडतो. पुष्कळ जणांना वाटते हा मोबाईलचा खेळ आहे. तसे नाही. आम्ही तो चौकटीच्या वहीवर खेळतो. आजी म्हणते वही वाया घालवता, पण आम्ही जुन्या वहीची उरलेली पानेच घेतो.

मूळ खेळ जपानचा आहे. त्यात मारिओ नावाचा मिशीवाला माणूस पळतो, उड्या मारतो आणि शेवटी झेंड्याच्या खांबाला लटकतो. तो १९८५ साली निघाला. तेव्हा तिकडचे लोकसुद्धा लेवल आधी चौकटीच्या कागदावरच काढायचे. मग २०१५ साली त्यांनी ‘सुपर मारिओ मेकर’ काढला. त्यात विटा, खड्डे, काटे आपणच मांडायचे आणि आपली लेवल जगातल्या कुणीही खेळायची. हे मला चिंचवडच्या दादाने सांगितले. दादाकडे पण ते यंत्र नाही. तो फक्त दुसरे खेळतात ते मोबाईलवर बघतो. लेवल पार झाली की मोठी मोठी माणसे खुर्चीवरून उठून ओरडतात. मला तर ती ओरडणारी माणसेच खेळापेक्षा जास्त आवडली.

त्या खेळात एक नियम होता. ज्याने लेवल बनवली त्याने ती आधी स्वतः पार करून दाखवायची. नाहीतर ती दुसऱ्याला देता यायची नाही. आणि जिथे जिथे कुणी मेला, तिथे लाल फुली दिसायची.

आम्ही पण हेच नियम ठेवले. पेन्सिल उभी धरायची, वरून एका बोटाने दाबायची आणि पुढे ढकलायची. ती सटकते आणि रेघ उमटते. रेघ विटेवर संपली तर बरे. काट्याला लागली किंवा खड्ड्यात संपली की मेला, फुली मारायची आणि परत पहिल्यापासून.

एका मुलाने संग्रामदुर्ग काढला. हा आपला चाकणचा भुईकोट. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्तेखानाशी जवळजवळ दोन महिने लढवला. मग मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला. म्हणून त्याच्या लेवलीत बुरुजावर पाय पडला की मेला! हे आधी कुणालाच माहीत नव्हते. लय भांडण झाले. मुले म्हणाली, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, इतिहासच तसा आहे. गुरुजी नुसते हसले. मला वाटते, त्याने सुरुंगाची एवढीशी तरी खूण काढायला पाहिजे होती.

पण सगळ्यात अवघड लेवल माझ्या मैत्रिणीची. आम्ही शेजारी बसायचो. तिचे बाबा एका कंपनीत कंत्राटावर होते. ती बिहारची, पण मराठी आमच्यासारखीच बोलायची. फक्त खेळताना हिंदी. मी मेले की म्हणायची, “हो जाएगा, हो जाएगा.” तिने मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर लेवल पार करून दाखवली. शेवटची उडी दोन काट्यांच्या मधून आहे. तिथून फक्त एक चौकट मोकळी आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. बाबांचे काम संपले म्हणून ते गावाला गेले. लेवल माझ्याकडेच राहिली. अजून कुणाची झाली नाही. काही मुले म्हणाली, ती गेली, आता कशाला खेळायची, पान काढून टाक. मी दिले नाही.

दादाने मला अजून एक गोष्ट सांगितली होती. २०२१ साली त्या पहिल्या मारिओ मेकरमध्ये नव्या लेवल घेणे बंद झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये इंटरनेटवरून खेळणेही बंद होणार असे ठरले. तेव्हा ज्या लेवल कुणाकडूनच झाल्या नव्हत्या, त्या शोधून शोधून काही खेळाडूंनी पार केल्या. बनवणारा कोण, कुठला, त्यांना माहीतसुद्धा नव्हते. शेवटी शेवटी एकच राहिली. ती होईना. मग बनवणाऱ्यानेच सांगितले की ती मी हाताने नाही, यंत्राच्या मदतीने पार केली होती. म्हणून ती मोजायची नाही असे ठरले. तरी एका खेळाडूने बंद व्हायच्या आधी ती हाताने पार केलीच!

माझ्या मैत्रिणीने तर हातानेच केली होती. सगळ्या वर्गाने पाहिले आहे.

तिच्या लेवलीत आता ४१ फुल्या आहेत. त्यातल्या १७ माझ्या. शेवटच्या काट्यापाशीच ९ आहेत. फुल्यांनी पान भरले म्हणून मी कार्बन ठेवून नवी प्रत काढली. ती या लेखाच्या खाली चिकटवली आहे. पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधली आहे. भिंतीवर पेन्सिल जरा जास्त सटकते, म्हणून हळू दाबा. सभेला आलेल्या पालकांनी पण खेळावे. मेलात तर लाल फुली मारा. कुणाची झाली तर मला वर्गातून बोलवा, मी तास चालू असला तरी येईन.

– इयत्ता चौथी