आजार एकच, मग भावाला कमी आणि भाच्याला जास्त त्रास का?



सातपूरच्या एमआयडीसीत काम करणारा एक तरुण मध्यंतरी बायकोला घेऊन दवाखान्यात आला. मूळ गाव सुरगाणा तालुक्यातलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) तिला नववा आठवडा लागला होता. दोघांच्याही रिपोर्टवर 'एएस' लिहिलेलं, म्हणजे दोघंही सिकलसेलचे वाहक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास होत नाही. पण आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे त्यांना आधीच कुणीतरी समजावलं होतं. त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"डॉक्टर, माझा मोठा भाऊ एसएस आहे. तरी भातलावणी करतो, वर्षातून एखाद वेळी अंग दुखतं. हिचा भाचाही एसएस. तो दर दोन महिन्यांनी ॲडमिट. आजार एकच ना? मग असं कसं?"

प्रश्न ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत व्याख्यान देताना मी ठोकून दिलं होतं, "आपल्या डीएनएतला जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनं बनवतो, बाकीचा कचरा!" टाळ्याही पडल्या होत्या. या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्या 'कचऱ्यात' आहे.

समजून घ्यायला आधी तुमच्या ओट्यावर चला. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं तुम्ही रोज हाकलता. त्यांना पंख दोनच असतात. मधमाशीला चार. चिलटाच्या मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक गदेसारख्या गाठी असतात, त्यांच्यावर ते उडताना तोल सांभाळतं. या गाठी घडवण्यात 'यूबीएक्स' नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. गंमत म्हणजे हे प्रथिन मधमाशीतही असतं, फुलपाखरातही असतं, आणि त्यांचे मागचे पंख मात्र शाबूत! पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. एल. एस. शशिधर यांच्या गटाने याच कोड्यावर काम केलं. मधमाशीचं यूबीएक्स चिलटात घातलं, तरी ते पंखाची गाठ करायला बघतं. म्हणजे फरक मुख्यतः प्रथिनात नाही. यूबीएक्स ज्या जनुकांना हुकूम सोडतं, त्यांच्या आसपासच्या डीएनएत फरक पडला. तिथे प्रथिन बनवण्याची कृती नसते. तिथे स्विच असतात: कोणतं जनुक कुठे, कधी आणि किती चालू करायचं ते सांगणारे. उत्क्रांतीला जनुक बदलण्यापेक्षा स्विच बदलणं बऱ्याचदा सोयीचं पडतं, कारण तेच जनुक शरीरात इतर ठिकाणीही कामाला असतं. जनुकच बिघडवलं तर सगळीकडेच गोंधळ.

आता परत त्या भावाकडे आणि भाच्याकडे.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्याला गर्भाचं हिमोग्लोबिन म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक जवळपास बंद होतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन चालू होतं. सिकलसेलची चूक या मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. म्हणूनच तान्ह्या बाळाला त्रास नसतो, हे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच मांडलं. (उंदराला असं गर्भाचं वेगळं हिमोग्लोबिन नसतंच. माकडांच्या आणि आपल्या पूर्वजांत एका जुन्या जनुकाची वेळ बदलली, तेव्हा ते आलं. पुन्हा स्विचच!)

काही माणसांत हे बंद होणं अर्धवट राहतं. गर्भाच्या हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या १५८ अक्षरं अलीकडे 'सी'ऐवजी 'टी' असलं, की ते मोठेपणीही बऱ्यापैकी बनत राहू शकतं, आणि तेवढ्या प्रमाणात लाल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या वाचतात. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा बदल बराच आढळतो. पण म्हणून 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्यच' असं धरून बसू नका. विदर्भात कितीतरी रुग्णांना तीव्र त्रास होतो. असे स्विच अनेक आहेत, शिवाय जंतुसंसर्ग, पाणी कमी पिणं, थंडी हेही आहेच.

दुसरा एक स्विच तर चक्क वेगळ्याच गुणसूत्रावर आहे. 'बीसीएल११ए' हे जनुक गर्भाचं हिमोग्लोबिन बंद ठेवतं. ते मेंदूलाही लागतं, त्यामुळे ते तोडून चालत नाही. पण रक्ताच्या लाल पेशींपुरता त्याचा एक स्विच आहे. नेमका तोच कापणाऱ्या 'कॅसजेव्ही' उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली. तिथली किंमत २२ लाख डॉलर. सुरगाण्याच्या माणसाला ही बातमी सांगताना माझी जीभ अडखळली, खोटं कशाला बोलू!

त्याच्या आवाक्यातलं औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. गोळी जुनी आहे, पण गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासत घ्यायची. गरोदरपणात मात्र नाही. भाच्याला ती दिली होती, पण तो बरं वाटलं की बंद करायचा.

इतका वेळ गप्प बसलेली बायको मग म्हणाली, "पोटातलं बाळ एसएस निघालं, तर ते मोठ्या भाऊजींसारखं होईल का भाच्यासारखं, ते कळेल?"

नाही, ताई. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना घेऊन बाळ एसएस आहे का, एवढं सांगता येतं. त्रास किती होईल, ते आज तरी कुणी छातीठोक सांगू शकत नाही. गर्भाचं हिमोग्लोबिन किती टिकलं, हे मूल काही वर्षांचं झाल्यावरच दिसतं. मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ हातातल्या रिपोर्टची घडी घालत बसली.

तपासणी करायची, एवढं दोघांनी ठरवलं. पुढचं रिपोर्ट आल्यावर. तुमच्या घरात कुणी सिकलसेलचं असेल, तर लग्नाआधीच सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. ती मोफत होते, आणि असा नवव्या आठवड्यातला घोर टळतो.

निघताना मी भाच्याला एकदा घेऊन यायला सांगितलं. "रविवारी आणतो, सुट्टी आहे," तो म्हणाला.