आतड्याची साक्ष

एखादे द्रव्य शरीरात काय करते या प्रश्नाइतकाच ते कोठे करते हा प्रश्न मोलाचा आहे, ही गोष्ट मला ग्रंथांपेक्षा गिनीपिगच्या आतड्याने अधिक स्पष्टपणे शिकविली. लहान आतड्याचा शेवटचा बोटभर तुकडा टायरोडच्या द्रावणाने आतून हलक्या हाताने धुऊन, दोन्ही टोकांना दोरा बांधून ३७ अंश उष्णतेच्या पात्रात टांगला, खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडले आणि त्याला थोडी उसंत दिली, की शरीरापासून विलग झालेला तो तुकडा कित्येक तास आपला धर्म सोडीत नाही. विजेच्या प्रत्येक क्षीण धक्क्यासरशी तो आकुंचन पावतो, दोऱ्याला जोडलेली तरफ हलते आणि कायमोग्राफच्या काजळी धरलेल्या कागदावर सारख्या उंचीच्या पांढऱ्या रेघा उमटत जातात. अशा वेळी पात्रात मॉर्फीन सोडले, की रेघांची उंची पाहता पाहता ओसरते. मात्र वरून थेट स्नायूवर काम करणारे ॲसिटिलकोलीन घातले, तर स्नायू पूर्वीसारखाच आखडतो. म्हणजे स्नायूचे बळ शाबूत आहे. मॉर्फीनचा अंमल बसला आहे तो त्याला हुकूम पोचविणाऱ्या मज्जातंतूंवर. विल्यम पेटन यांनी १९५७ साली हा निर्वाळा दिला.

पुढे ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूचा अर्क याच आतड्यावर आणि उंदराच्या शुक्रवाहिनीवर पारखला. त्याने मॉर्फीनसारखाच परिणाम केला व मॉर्फीनचा अंमल उठविणाऱ्या नॅलॉक्सोनने तो पुसला गेला. १९७५ मध्ये त्यातून पाच-पाच अमिनो आम्लांची दोन एन्केफॅलिने हाती आली. वेदना शमविणारे मेंदूचे स्वतःचे द्रव्य आतड्याच्या साक्षीने उजेडात यावे, यापरते विलक्षण ते काय!

परंतु ज्या आतड्याने हे गुपित सांगितले त्यालाच त्याची किंमत मोजावी लागते. मॉर्फीनने वेदना निवते, पण मलावरोध जडतो. आणि तीव्र दाहाने सुजलेल्या मोठ्या आतड्याची गती अफूवर्गीय औषधाने थोपविली, तर ते फुगून रोग्याच्या जिवावर बेतू शकते. वेदनाशमन म्हणजे रोगशमन नव्हे, हा विवेक संशोधकाने अहोरात्र जागता ठेवला पाहिजे.

दाहाच्या चिकित्सेतही स्थानाचाच प्रश्न निर्णायक ठरला. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी योजिलेले सल्फासालाझिन मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहावर गुणकारी ठरले, तरी त्याच्या दोन घटकांपैकी कर्ता कोणता, हे दीर्घकाळ अनिर्णित होते. १९७७ साली ऑक्सफर्डच्या आझाद खान आणि ट्रुलव्ह यांनी मूळ औषध व त्याचे घटक निरनिराळ्या रुग्णांना बस्तीद्वारे देऊन पाहिले, तेव्हा त्यांपैकी मेसालाझिन या घटकाचे कर्तृत्व सिद्ध झाले. दुसरा घटक त्याला वाटेत शोषले जाण्यापासून वाचवून मोठ्या आतड्यापर्यंत नेतो, आणि तेथील जीवाणू दोहोंमधील बंध तोडतात.

२००८ साली अमेरिकेत मान्यता पावलेले मेथिलनॅल्ट्रेक्सोन याच विचाराचे फळ होय: रक्तातून मेंदूत सहसा न शिरणारे हे द्रव्य आतड्यावरील मॉर्फीनचा अंमल उठविते व वेदनेवरील अंमल राहू देते. म्हणून नव्या द्रव्याच्या सामर्थ्याचे आकडे घेऊन हर्षभराने येणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रथम त्याच्या मुक्कामाचा तपशील विचारतो. कारण योग्य स्थळी न पोचलेले सामर्थ्य रोग्याच्या उपयोगी पडत नाही, आणि अस्थानी पोचलेले सामर्थ्य त्याला नवे दुःख देते.