नाव विकणे आहे

कुणाला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद असतो, कुणाला जुन्या घड्याळांचा. निवृत्तीनंतर मला नाद लागला तो नावांचा. नावे म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, ज्यांना डोमेन म्हणतात ती. वर्षाला हजारभर रुपये भरले की नाव आपल्याकडे राहते. पुढे कुणाला ते हवेसे वाटले, तर मागू ती किंमत घ्यावी. नदीपलीकडचे माळरान घेऊन ठेवायचे आणि पूल होण्याची वाट पाहायची, त्यातलाच हा प्रकार.

डॉट कॉमचे पहिले नाव १९८५ साली नोंदले गेले. तेव्हा नावे फुकट मिळत. १९९५ पासून त्यांना पैसे पडू लागले. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे एकच नाव ३ कोटी डॉलरना विकले गेले. हे वाचल्यावर माझ्यासारख्या पेन्शनराला झोप कशी लागावी? मी वीस नावे घेतली, प्रत्येकाला पंचवीस हजारांची चिठ्ठी लावली आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलो. गिऱ्हाईक आले नाही. नूतनीकरणाची बिले मात्र न चुकता आली.

गेल्या नवरात्रात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती मसाल्यांचा धंदा काढणार होती आणि त्याला आईचे नाव देणार होती. मला भरून आले. त्याच रात्री मी ते नाव घेऊन टाकले. बहिणीसाठीच, असे मनाला बजावलेही. पण हाताच्या सवयीने ते इतरांबरोबर यादीत जाऊन बसले, चिठ्ठीसकट.

भाऊबिजेला तिच्या घरी पाटावर बसलो, तोच भाचा म्हणाला, "मामा, आजीचं नाव कुणीतरी विकायला काढलंय. पंचवीस हजार मागतोय!"

"कोण मेला असेल तो?" निरांजन लावता लावता बहीण म्हणाली, "त्याला काय आई नाही?"

मालकाचे नाव झाकून ठेवता येते, ही या धंद्यातली मोठी सोय. मी मान खाली घालून ओवाळून घेतले.

दुसऱ्याच्या चालत्या धंद्याचे नाव अडवणे कायद्याला मंजूर नाही. डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले. पण बहिणीचा धंदा तर अजून सुरूही झाला नव्हता. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मी बहुधा निर्दोष होतो. त्यानेच अधिक लाज वाटली. आईचे नाव आपल्याला फुकट मिळाले होते, आणि मी त्यालाही भाव लावला होता.

त्या रात्री चिठ्ठी काढली आणि नाव बहिणीच्या नावे करून दिले.

"दादा, त्या माणसाकडून सोडवलंस तरी कसं?" तिने विचारले.

"ओळखीचा निघाला," मी म्हणालो.

उरलेली वीस नावे मी मुदत संपेल तशी सोडून देतो आहे. हा अंक दर दिवाळीला बहिणीच्या घरी जातो. यंदा तिच्याकडून चकल्यांचा डबा येतो की नाही, ते पाहायचे.