केसभर मोकळीक

पिकअपच्या पुढच्या चाकाचं काम म्हटलं की लांब पान्ह्यावर अंगाचा सगळा भार टाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चाकाच्या नटांपुरतं ते खरंही आहे. पण त्याच्या आत, हबमध्ये आणि ब्रेकमध्ये, जोर कमी आणि जाण जास्त लागते. जुन्या धाटणीच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगं असतात. बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं, कारण वळणावर चाकाला वरून वजन आणि बाजूने रेटा असं दोन्ही एकदम सोसावं लागतं. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून घाट उतरणाऱ्या गाडीचं हेच दुखणं आहे. हबचा मधला नट चाक फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात; मग तो सोडायचा आणि पुन्हा हलक्या हाताने, प्ले जाईल एवढाच, आणायचा. शेवटी नवी स्प्लिट पिन. कचकचून आवळलेला नट मजबूत वाटतो, पण रोलर आणि वाटी यांच्यामधला ग्रीसचा पापुद्रा तुटतो, हब तापतो, पोलादावर निळसर झाक येते.

ब्रेकचंही तसंच. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी रिंग दाबाने किंचित पिळवटते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला जरासं मागे घेते. एवढ्या फटीवर डिस्क मोकळी फिरते. कॅलिपरच्या पिना चिखलाने आणि गंजाने अडकल्या की आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा जाडच राहतो. पॅड बदलणाऱ्याने नवे बसवण्याआधी जुने दोन्ही शेजारी धरून पाहावेत, दुखणं तिथेच कळतं. पिना साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावणं हे कंटाळवाणं काम आहे, आणि घाईच्या गॅरेजात तेच सुटतं. म्हणूनच आपली गाडी आपण उघडावी असं मला वाटतं: इथे कमी पडते ती सवड, आणि ती मालकाकडे असते.

ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, तिथे हौस कसली, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर आपली हद्द ओळखण्यात आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालू नये, खाली स्टँड हवेतच. कॅलिपर होजवर लोंबकळत न सोडता तारेने बांधावा. होज फुगला असेल, पिस्टनवर गंज असेल, तर गाडी मेकॅनिककडेच न्यावी. नव्या गाड्यांत बेअरिंगचं सीलबंद युनिट येतं. तिथली मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते आणि नट टॉर्क रेंचने, सांगितलेल्या मापालाच आवळावा लागतो. तिथे हाताचा अंदाज चालवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आणि नवशिक्याचं काम ढिलं राहील ही भीती तपासून घालवता येते: उचललेलं चाक वर-खाली धरून हलवावं, आणि चार-सहा किलोमीटर चालवल्यावर दोन्ही हबची ऊब हाताने ताडून पाहावी, आधी अंतरावरूनच. त्याहीआधी एक गोष्ट मात्र चुकवायची नाही. पॅड बसवताना पिस्टन मागे दाबलेला असतो. पेडल घट्ट लागेपर्यंत जागेवरच मारून घेतल्याशिवाय गाडी इंचभरही हलवायची नाही.