पुरोहिताच्या रकान्यात

लग्नाच्या अल्बममध्ये भटजींचा चेहरा क्वचितच धड सापडतो. कधी तो होमाच्या धुरात हरवलेला असतो, कधी वरमाईच्या शालूआड गेलेला. कधी नुसताच पोथी धरलेला हात दिसतो. लग्न लावलं त्या भटजींचं नाव वर्षभरानं विचारून बघा. नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात. "कार्यालयवाल्यांनीच ठरवले होते बहुतेक." जिलबीवाल्याचं नाव मात्र दोघांनाही पाठ असतं.

यात भटजींचा काही दोष नाही. दाट तिथीला त्यांना एका दिवसात दोन-तीन मुहूर्त गाठायचे असतात. आणि खरं पाहिलं तर लग्नातली निम्मी कामं नात्यातलीच माणसं करत आली आहेत. मामा मुलीला बोहल्यावर आणतो. लाजाहोमाला भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि कानपिळीच्या वेळी तोच भाऊ नव्या मेहुण्याचा कान पिळून हक्काची वसुली करतो. आत्या-मावश्या मंगलाष्टकं रचून आणतात आणि शार्दूलविक्रीडिताचे गण सांभाळता सांभाळता दोन्हीकडच्या आजोळांची नावं त्यात कोंबतात. सगळ्या बोहल्यावर परकी अशी एकच जागा असते, ती मधली.

माझ्या भाचीनं ती जागा मला देऊ केली. मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "मावशी, आमचं लग्न तू लाव." मी हसले. ती हसली नाही. "भटजींना आमची नावंसुद्धा चिठ्ठीवरून वाचावी लागतील. तुला आम्ही दोघंही माहीत आहोत." ताई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अगं, पण ते चालतं का?"

चालतं. किती दिवसांपासून चालतं हे मी त्या निमित्तानं नीट वाचलं. जोतीराव फुल्यांनी १८७३च्या सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई निंबणकर, सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी. ओळखीपाळखीतल्या माणसांनी लावलेलं, पानसुपारीच्या खर्चात आटोपलेलं लग्न. जोतीरावांनी या लग्नांसाठी मराठीत मंगलाष्टकं लिहिली. त्यांत वधू गप्प उभी राहत नाही. स्त्रियांच्या हक्कांबद्दल ती वराला बोलतं करते आणि वराला सगळ्यांदेखत वचन द्यावं लागतं. हे सुखासुखी झालं नाही. जुन्नरजवळच्या ओतूरला गावजोशाला न बोलावता लग्न लावलं म्हणून पाटलांवर दावा झाला, आणि तो हायकोर्टापर्यंत गेला. आपल्या दारचं लग्न आपल्या माणसानं लावायचं, एवढ्यासाठी कुणाला तरी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, हे कळल्यावर मेथी निवडताना आलेलं माझं हसू मलाच जरा हलकं वाटलं.

आजचा कायदा या बाबतीत ऐसपैस आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम रूढीप्रमाणे विधी करा म्हणतं. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताक्षणी लग्न पूर्ण झालं म्हणतं. भटजीची अट त्यात कुठंच नाही. तामिळनाडूनं १९६७ साली त्याला सात-अ हे कलम जोडलं. नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांच्या समोर, दोघांना समजेल अशा भाषेत एकमेकांचा स्वीकार करायचा आणि हार, अंगठी किंवा ताली घालायची. पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांना मिळालेली ती कायद्याची मोहोर. आपल्याकडच्या बौद्ध वस्त्यांत बौद्धाचार्य लग्न लावतात. एरवी ते कुणाचे तरी शेजारी असतात, सोमवारी सकाळी डबा घेऊन कामावर जाणारे. पुण्यात बायका पौरोहित्य शिकून लग्नं लावू लागल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीत तर वधू-वरच एकमेकांना विवाहसंस्कार देतात. पाद्री चर्चच्या वतीनं साक्षीला उभा असतो. आणि आमच्या चुलतघरचा मुलगा बोस्टनकडे असतो, तो सांगत होता की त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मित्राला किंवा नातेवाइकाला एका दिवसापुरता लग्न लावायचा अधिकार रीतसर अर्ज करून मिळतो. एका दिवसापुरता! मला ती मुदत फार सोयीची वाटली.

अडचण कायद्याची नव्हती, होणाऱ्या जावयाच्या आजींची होती. त्यांचं म्हणणं एवढंच की अग्नी हवा. भाचीचं म्हणणं, कन्यादान नको. दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येत नव्हत्या, त्यामुळे बैठक चहाच्या एका फेरीत संपली. अंतरपाट, अक्षता, छोटा होम आणि सप्तपदी ठेवायची ठरली. निघताना आजींनी मला बाजूला घेतलं. "'सावधान' म्हणताना घाई करू नकोस. लोक अक्षता टाकायला टपलेले असतात."

सप्तपदीनं माझे बरेच दिवस घेतले. एकेक पाऊल एकेका गोष्टीसाठी: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू, आणि सातवं सख्यासाठी. सगळी गृहस्थी मागून झाल्यावर शेवटी मैत्री मागायची, हा क्रम लावणाऱ्याला संसाराची चांगलीच माहिती असणार. मूळ मंत्र जावयाचे काका म्हणणार होते. मी प्रत्येक पावलाला मराठीत एक वाक्य द्यायचं होतं. पहिल्या खर्ड्यात मी सुविचार लिहिले. शाळेच्या फळ्यावर शोभले असते. मग ते फाडून त्या दोघांना डोळ्यांसमोर आणलं. अन्नाच्या पावलाला लिहिलं, "ज्याला आधी भूक लागेल त्यानं कुकर लावावा." दोघांचीही दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत बसण्याची सवय मला ठाऊक होती. समृद्धीला लिहिलं, "आईवडिलांना पाठवलेल्या पैशांचा हिशोब कुणी कुणाला मागू नये." संततीच्या पावलाशी पेन थांबलं. भाचीला विचारलं. ती म्हणाली, "ते आमचं आम्ही ठरवू, असंच लिही." तसंच लिहिलं.

लग्न गावच्या घरी, अंगणात. अंतरपाट धरायला दोन आतेभाऊ, एक ताडमाड आणि एक बुटका, त्यामुळे कापडावरचं कुंकवाचं स्वस्तिक कललेलं. मी कडेला उभी होते आणि तिथून मला अशी एक गोष्ट दिसली जी त्या मांडवात दुसऱ्या कुणालाच नीट दिसत नव्हती. पटाच्या अलीकडे भाची, पलीकडे जावई, दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. मला दोन्ही दिसत होते. तिच्या नाकाशी मुंडावळीचा मणी आला होता आणि हातात हार असल्यामुळे तो फुंकर मारून उडवायचा तिचा खटाटोप चालला होता. तो डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होता. नंतर कळलं, मंगलाष्टकं मोजत होता. मावश्यांनी आठावर थांबायचं कबूल करून अकरा केली होती. मी आजींची आठवण ठेवून 'सावधान' सावकाश म्हटलं. तरी अक्षता आधीच पडल्या. कुकरच्या वाक्याला पुरुष हसले, हिशोबाच्या वाक्याला बायका गप्प झाल्या आणि संततीच्या वाक्याला मागच्या रांगेत कुजबुज उठली. सातव्या पावलाला मी काहीच लिहिलं नव्हतं. नुसतं म्हटलं, "हे तुम्हाला आधीच येतं."

पुढच्या आठवड्यात नोंदणीला ग्रामपंचायतीत गेलो. विवाह नोंदणीच्या अर्जात वर, वधू, तीन साक्षीदार आणि त्याखाली पुरोहित असा रकाना असतो. ग्रामसेवकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "भटजींची सही राहिलीय. ते कुठंयत?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. "मग करा की सही. आणि वय, पत्ता सोडू नका."

वय आणि पत्ता लिहिताना मला त्या मधल्या जागेचा खरा भाव कळला. भटजी दक्षिणा, शिधा घेऊन मोकळे होतात आणि ते रास्तच आहे. त्यांचं काम विधी शुद्ध करण्याचं, ते त्यांनी चोख केलेलं असतं. विद्या विकत घेता येते, तिचा मोबदला देता येतो, हिशोब तिथल्या तिथे मिटतो. घरच्या माणसाकडे ती विद्या नसते. त्याच्याजवळ फक्त त्या दोघांची ओळख असते, आणि ओळखीला सुट्टी नसते. मॅसॅच्युसेट्सचा तो एक दिवसाचा परवाना मावशीला कोण देणार?

त्यामुळे कधीमधी रात्री फोन येतो. भाचीचा आला तर ती म्हणते, "तू लावलंस ना लग्न? मग आता ऐक." जावयाचा आला तर तो आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि मग हळूच मुद्द्यावर येतो. विषय बहुधा कुकरएवढेच असतात. मी निवाडा देत नाही. एकाचं ऐकताना दुसऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवते, कारण अंतरपाटाच्या कडेला उभं राहणाऱ्याला तेवढंच करायचं असतं. परवा शेजारणीनं तिच्या मुलाच्या लग्नासाठी विचारलं, "तुम्ही लावाल का? छान लावता म्हणे." मी तिला आमच्या ओळखीच्या भटजींचा नंबर दिला. तिच्या मुलाला मी ओळखत नाही, आणि होणाऱ्या सुनेला तर पाहिलेलंही नाही.