घाटघरची भिंत

नाशिकचा आमचा जुना वाडा उतरवून त्या जागी नवे घर बांधावयाचे ठरले आणि पहिल्याच आठवड्यात घरात दोन तट पडले. कंत्राटदाराने आणून टाकलेल्या सिमेंटच्या पोत्यांवर ‘पोझोलाना’ हा शब्द छापलेला होता. त्याचा अर्थ विचारता, यात विजेच्या कारखान्यातील राख मिसळलेली असते, असे त्याने सरळ सांगून टाकले. झाले! “राखेने भांडी घासतात, घरे बांधीत नाहीत,” असे म्हणून आप्पाकाकांनी पोती परत पाठविली. आप्पा घरातील वडील. त्यांचा शब्द ओलांडण्याची आमच्याकडे रीत नाही. अशा स्थितीत कार्तिकात सारी मंडळी भंडारदऱ्यास निघालो ती हवापालटासाठी. परंतु माझ्या मनात दुसराही एक हेतू होता, हे वाचकांपासून लपवून ठेवीत नाही.

घोटीवरून बारी गावाशी आले की कळसूबाईचे शिखर अगदी उशाशी येऊन उभे राहते. पुढे शेंडी, आणि तेथेच प्रवरेवरील ते प्रसिद्ध विल्सन धरण. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेली ही दगडी भिंत पाहून आप्पांची कळी खुलली. “याला म्हणावे बांधकाम!” एवढे बोलून ते बराच वेळ दगडांच्या सांध्यांकडे निरखून पाहत राहिले. मी गप्पच राहिलो.

तलावाच्या काठाकाठाने घाटघरचा रस्ता जातो. खाचरांतून भाताची कापणी चालली होती. समोर रतनगडाचे नेढे उन्हात स्पष्ट दिसत होते. घाटनदेवीच्या पुढे सह्याद्री एकाएकी संपतो आणि खाली कोकण उघडे पडते. काकूंनी मुलांचे हात घट्ट धरून ठेवले होते, तरी कड्यावरून मागे फिरावयास कोणी तयार होईना.

या कड्याचाच उपयोग करून येथे वीज काढली आहे. वर घाटघरला एक जलाशय, खाली चोंढ्याकडे दुसरा. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडावयाचे. केंद्राची शक्ती २५० मेगावॉट. वरची भिंत जेमतेम १५ मीटरांची, खालची मात्र ८६ मीटर उंच.

“ही भिंत कशाची?” आप्पांनी विचारले. मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. म्हटले, “आप्पा, हिच्यात सिमेंटपेक्षा राखच अधिक आहे.”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, पुढचे सारे एका दमात सांगणे भाग पडले. सिमेंटास पाणी लागले की ते तापते. घराच्या खांबाला त्याचे विशेष काही नाही. पण धरणाच्या पोटात ती ऊब कोंडून राहते, बाहेरचा भाग आधी निवतो आणि भिंतीस भेगा पडतात. म्हणून सिमेंट कमी करून त्याची जागा राखेस द्यावयाची. घाटघरला असे कोरडसर काँक्रीट सुमारे ३० सेंटिमीटरांच्या थरांनी पसरून त्यावर, सडकेवर फिरवितात तसा, रूळ फिरविला. या रीतीने बांधलेली धरणे आपल्या देशात प्रथम येथेच झाली.

“पण राख धरते कशी?”

“सिमेंट आणि पाणी एकत्र आले की थोडा चुना मोकळा होतो. राखेतील सिलिका त्या चुन्याशी मिळून घट्ट होते.”

आप्पा थबकले. “म्हणजे सुरखीच की!” लहानपणी वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी अंगणात चुन्याची घाणी कशी फिरे, तीत विटांची भुकटी कशी टाकीत, हे ते परतीच्या वाटेवर काकूंना सांगत राहिले. वाड्याचे ते बांधकाम उतरविताना पहारी बोथट झाल्या होत्या, हे आम्ही सर्वांनी पाहिलेले होते.

तथापि आप्पा इतक्याने वळणारे नव्हेत. सुरखीस मुरावयास वेळ लागे, मग या राखेचे काय? प्रश्न अगदी नेमका होता. राखमिश्रित सिमेंट आरंभी हळू बळ धरते. साध्या सिमेंटवर ७ दिवस पाणी मारले तर यावर निदान १० दिवस मारावे लागते. शिवाय कोणतीही राख चालत नाही. धुराड्यापाशी धरलेली, पिठासारखी बारीक आणि कोळसा नीट जळालेली अशीच हवी. कारखान्यात १५ ते ३५ टक्के मिसळून आलेले सिमेंट निराळे आणि गवंड्याने अंदाजाने घमेलीभर ओतलेली राख निराळी.

नाशिकरोडजवळ एकलहऱ्याची धुराडी दिसू लागली. आपल्या कोळशात शेकडा ३० ते ४५ राखच असते. ती कामी लावली नाही तर तळ्यांत साठवावी लागते, आणि उन्हाळ्यात तळी सुकली की वाऱ्याबरोबर शेतांवर येते. उलट एक टन सिमेंटची भट्टी-गोटी भाजताना ८०० ते ९०० किलो कर्बवायू हवेत जातो. आप्पा धुराड्यांकडे पाहत होते, बोलले नाहीत.

पोती पुन्हा आली. पहिला स्लॅब पडला त्या दिवशी आप्पांनी भिंतीवरच्या पंचांगावर खूण केली आणि रोज पहाटे स्लॅबवरील आळ्यांत स्वतः नळी धरून पाणी भरू लागले. सातव्या दिवशी कंत्राटदाराची माणसे सेंट्रिंग काढावयास आली, दुसऱ्या कामावर न्यावयाचे होते म्हणून. आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठविले.