डाव्या-उजव्या दातांचा ताळेबंद

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून जमा-नावे जुळवीत आहोत. अशा माणसाने करवतीच्या धारेविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण ही गोष्ट एका मुलाच्या रक्ताची किंमत मोजून शिकलो, म्हणून सांगितलीच पाहिजे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमच्या वस्तीत माड, पोफळी, आंबे आडवे झाले. रस्ता बंद, वीज गेलेली, त्यात कोरोनाची टाळेबंदी पुरती उठलेली नव्हती. मंडळाच्या पोरांनी पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत कुठून तरी मिळविली. पहिल्या दिवशी काम झपाट्याने झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र करवत लाकडात शिरेना. भुसा पिठासारखा पडू लागला, धूर येऊ लागला. "जोर लाव रे, संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला पाहिजे," असे आम्हीच ओरडलो. पोराने जोर लावला. पात्याचे टोक पलीकडच्या फांदीला लागले आणि यंत्र उसळून अंगावर आले. दंडाला सहा टाके पडले. त्याच्या आईने आम्हाला एका शब्दाने विचारले नाही. तेच जास्त लागले.

संध्याकाळी वखारीत करवतींना धार लावणारे एक काका आले. साखळी चाचपून म्हणाले, "भाऊसाहेब, भुसा सांगत होता, तुम्ही ऐकलं नाही. धारेचा दात लाकडाचा कीस काढतो, बोथट दात पीठ पाडतो. मातीला एकदा टेकली की धार गेलीच."

काकांनी आम्हाला ओट्यावर बसविले. यंत्र बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात मोजे. मग गोल कानस. ती साखळीच्या मापाचीच हवी. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतर निम्मे केले की साखळीचे माप मिळते. लहान यंत्राच्या ३/८ इंची हलक्या साखळीला ४ मिलिमीटरची कानस लागते, ०.३२५ इंचीला ४.८ ची. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या माथ्यावर राहावा आणि कोन बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा. कानस दाताच्या आतून बाहेर, पुढेच ढकलायची. मागे आणताना उचलून घ्यायची. घासून मागेपुढे केली तर कानसही जाते आणि दातही.

पहिल्या दाताला रंगाची खूण केली. एका बाजूचे सगळे दात आधी, मग दुसऱ्या बाजूचे. प्रत्येकाला सारखेच हात. इथे आमची कारकुनी उपयोगी पडली. डावे दात जमा, उजवे नावे. बेरीज चुकली की करवत सरळ न जाता एका बाजूला वळते. एखादा दात तुटून आखूड झाला असेल, तर बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणावे लागतात. बळकट दात तसेच ठेवून चालत नाही.

दाताच्या पुढे एक बुटकी खुंटी असते. दात लाकडात किती खोल शिरेल ते ती ठरविते. दात झिजला की सपाट कानशीने तीही थोडी उतरवायची, सर्वसाधारणपणे दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. जास्त उतरविली तर यंत्र लाकडात हिसके मारते.

या दातांची युक्ती अमेरिकेतील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याची. १९४६ मध्ये ऑरेगन राज्यात त्याने लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी निरखली. ती डावी-उजवीकडे कुरतडत होती. त्यावरून त्याने साखळी घडविली आणि १९४७ मध्ये कारखाना काढला. एका किड्याकडूनही शिकता येते.

वीज आल्यावर आम्ही एकदा ती साखळी ग्राइंडरवर लावून पाहिली. घाईत दाबल्यामुळे दोन दात निळे पडले, पोलादाचे पाणी गेले. ग्राइंडर वाईट नाही. हलक्या हाताने, थांबत थांबत लावावा लागतो. पण रोजच्या धारेला कानस पुरते.

आज तो मुलगाच मंडळाची करवत सांभाळतो. पेट्रोल भरायला थांबला की प्रत्येक दाताला दोन हात मारतो. ज्या मंडळांकडे असे यंत्र आहे त्यांनी सोबत गोल कानस जरूर ठेवावी. आणि आमच्यासारख्या बाजूला उभे राहून ओरडणाऱ्यांनी "जोर लाव" म्हणण्याआधी खाली वाकून भुसा पाहावा.